थेंब पडू दिला, तिथेच चुकलं

मिनियापोलिस,
१२ ऑक्टोबर

ती. आण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "हौदाची मोटर दुरुस्त करायला दोन रविवार कसे लागतात रे?" मी सांगायला तोंड उघडलं नि रेंज गेली. मग दादाकडून निरोप आला की कागदावर नीट लिहून पाठव. दादाच्या पोराला हे मोठ्या अक्षरांत छापून द्यायला सांगितलंय, चष्मा शोधत बसू नका.

आधी हौदाचं सांगतो, इथे त्याला हॉट टब म्हणतात. हे घर घेतलं तेव्हा तो मागच्या अंगणात होताच. आधीच्या मालकाने नेला नाही, कारण हलवायलाच पाच-सहा माणसं लागली असती. आत बसायला कट्टे आणि पाणी साधारण १,४०० लिटर, म्हणजे आपल्या गच्चीवरची टाकी आणि वर अर्धी. पाणी ४० अंशांपर्यंत तापवायचं, पंपाने ते भोकाभोकांतून पाठीवर जोरात सोडायचं आणि बाहेर बर्फ पडत असताना मानेपर्यंत बुडून बसायचं. आई म्हणेल, मे महिन्यात आपल्याकडे टाकीचं पाणी फुकटात एवढं तापतं. तापतंच. पण इथे जानेवारीत उणे २० असतं, आणि माझी कंबर आता तुमच्यासारखी बोलायला लागली आहे.

पंप फळीच्या मागे, जमिनीलगत. दिसायला विहिरीवरच्या मोनोब्लॉकचा धाकटा भाऊ. फक्त पंपाचं तोंड प्लास्टिकचं, आणि आपली मोटर मिनिटाला २,८८० फेरे फिरते ती इथे ३,४५०, कारण आपली वीज ५० सायकलची, इथली ६०.

ऑगस्टमध्ये फळीखाली ओल दिसली. काढून पाहिलं तर मोटर आणि पंप जिथे जुळतात तिथून टिप टिप. इथे मी चुकलो, आणि खरं सांगू, तुमच्यामुळे चुकलो. आठवतं, जुन्या पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्टभोवती दोरी भरलेली असते तिथून, पाणी गळत होतं आणि मी शहाणपणाने पाना घेऊन नट आवळायला बसलो होतो? तुम्ही टपली मारून म्हणालात, "पडू दे थेंब. दोरी कोरडी पडली तर शाफ्ट खाईल." ते इतकं पक्कं बसलं की मी खाली एक जुनं पातेलं ठेवलं आणि दोन महिने ते ओतत राहिलो.

पण आण्णा, याला दोरी नाहीच. मेकॅनिकल सील आहे. एक पांढरी सिरॅमिकची चकती, तिच्यावर स्प्रिंगने दाबलेली कार्बनची काळी चकती. एक जागेवर, दुसरी इंपेलरबरोबर, म्हणजे पाणी फेकणाऱ्या चक्राबरोबर, फिरणारी. दोघींच्या मधे पाण्याचा नावापुरता पापुद्रा राहतो, तोच त्यांना थंड ठेवतो. बाहेर एक थेंबही यायला नको. थेंब आला म्हणजे सील गेलं. दोन महिने ते गरम, क्लोरिनचं पाणी शाफ्टवरून मोटरीकडे सरकत राहिलं आणि पुढच्या बेअरिंगचं ग्रीस धुऊन गेलं. सप्टेंबरच्या शेवटी मोटर गुरगुरायला लागली, तेव्हा डोक्यात उजेड पडला. कारागीर बोलावला तर त्याच्या येण्याचे पैसे सीलच्या कितीतरी पट. शिवाय तुमचा मुलगा असून मोटरीसाठी माणूस बोलवायचा?

पहिला रविवार नुसता खोलण्यात गेला. आधी ब्रेकर पाडला, मग मीटर लावून पाहिलं, कारण इथे हौदाला २४० व्होल्ट येतात. विजेची गळती झाली की ५ मिलिअँपिअरला लाईन तोडणारा ब्रेकर असतो, तरी कपॅसिटरमध्ये साठलेली वीज आधी मोकळी केली. (तुम्ही ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावायचात ते आठवून आजही पोटात गोळा येतो. आता लावत नाही ना?) पंपाच्या दोन्ही बाजूंना कॉक असते तर तेवढंच पाणी अडवता आलं असतं. हौद जुना, एकच कॉक, तोही गंजून अडकलेला. सगळं पाणी काढावं लागलं. थंडी पडायच्या आत करायचं होतं, नाहीतर नळ्यांत उरलेलं पाणी गोठून नळ्या फुटतात.

इंपेलर शाफ्टवर आट्यांनी बसतो. मागचं झाकण काढून शाफ्ट पान्याने धरला आणि पुढून इंपेलर उलटा फिरवायला गेलो, तर हलेना. आट्यांत पांढरा क्षार धरला होता, आपल्या बोअरच्या पाण्याने गिझरला धरतो तसाच. व्हिनेगरचं फडकं गुंडाळून रात्रभर ठेवलं. सकाळी कटकन आवाज आला. मला वाटलं इंपेलर फुटला. सुटला होता.

जुनी चकती हातात घेऊन उन्हात धरली तर कडेला नखाएवढा टवका आणि मधे गोल गोल ओरखडे, ग्रामोफोनच्या तबकडीसारखे. नवी बसवताना तिच्या चकाकत्या तोंडाला बोट लावायचं नाही, बोटाचं तेलसुद्धा चालत नाही. ग्रीसही नाही. रबराला साबणाचं पाणी लावून, वर स्वच्छ कागद ठेवून अंगठ्यांनी सरळ दाबायचं. माझा अंगठा एकदा घसरलाच. स्पिरिटने पुसून पुन्हा बसवली.

बेअरिंगचा नंबर पुसून पाहिला तर ६२०३. जळगावला काउंटरवर नुसता नंबर सांगितला की पोऱ्या डबी पुढे सरकवायचा. इथेही तस्संच झालं: आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरून ४०, जाडी १२. जुनं बेअरिंग ओढून काढायला पुलर शेजाऱ्याकडून आणला. बसवताना तुम्ही शिकवलं तसं, पाइपचा तुकडा आतल्या कड्यावर टेकवून हळू ठोकलं, बाहेरच्या कड्याला हातोडी लागू दिली नाही. बरोबर बसलं.

दुसऱ्या रविवारी पाणी भरलं, बटण दाबलं, मोटर फिरली आणि पाणी काही येईना. लगेच बंद केली, कोरडं फिरवलं तर नवं सील जागच्या जागी जळतं. पंपात हवा अडकली होती. फुटव्हॉल्व्ह सुटल्यावर तुम्ही बादल्या ओतून पंप भरायचात, तीच गत. इथे हौदाचं पाणी पंपापेक्षा वर असतं, म्हणून वरच्या नळीचा जोड थोडा सैल केला. फुस्स करून हवा गेली, पाणी आलं, जोड आवळला. खाली वर्तमानपत्र पसरून तासभर बसलो. कोरडं राहिलं. आज आठवा दिवस, पातेलं धुऊन स्वयंपाकघरात परत गेलंय.

एक मात्र आहे. मागचं बेअरिंग मी बदललं नाही, आणि मोटर बंद होताना शेवटच्या दोन-चार फेऱ्यांत खरखरल्यासारखं वाटतं. बायको म्हणते काही वाटत नाही. तुम्ही बेअरिंगवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावायचात, तसं करून पाहिलं, पण माझा कान तुमचा नाही. रविवारी तुमच्या सकाळी आठला फोन करतो. मोटर बंद करताना फोन तिच्याजवळ धरीन. ऐकून सांगा, काढू की राहू दे. दादाला म्हणावं, रेंजसाठी तुम्हाला आधीच गच्चीवर नेऊन बसव.

कापसाची वेचणी सुरू झाली असेल. आईला नमस्कार, तिला म्हणावं सगळं ठीक, बठ्ठं बरं शे.

तुमचा,
धाकटा

ता. क. दिवाळीच्या पार्सलमध्ये चकल्या कमी आणि तिखट शेव जास्त. इथली शेव गोडसर लागते.