खोकडांसाठी धावून आलेल्यांचे आभार
अभयारण्यात आणलेल्या खोकडांच्या शुश्रूषेत ज्यांनी स्वतःचे नावही न सांगता हात दिला, त्या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो. रस्त्याच्या कडेला निपचित पडलेली, खरजेने शेपटीचे केस गळून अंगावर राखाडी खपल्या धरलेली मादी तुम्ही हातमोजे घालून, खोक्यावर कापड झाकून, वाटेत एक शब्दही न बोलता आमच्यापर्यंत आणलीत. भेदरलेल्या वन्यप्राण्याला आधी काळोख आणि शांतता हवी असते, हे तुम्हाला कोणी सांगावे लागले नाही. खरूज सूक्ष्म किडीमुळे होते व औषधाने आटोक्यात येते. डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगावर मात्र नेमके औषध नाही, आणि उलट्या-जुलाब घडवणाऱ्या पार्व्हो रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणूनच विलगीकरणातील पिंजऱ्यांसमोर दर खेपेला जंतुनाशकात बूट बुडवणाऱ्या, भांडी वेगळी घासणाऱ्या स्वयंसेवकांचे मोल आम्हाला फार वाटते. आसपासच्या वस्त्यांतील ज्या कुटुंबांनी आपल्या कुत्र्यांना रेबीज व डिस्टेंपरच्या लसी टोचून घेतल्या, त्यांचे ऋण तर सर्वांत मोठे, कारण हे रोग अनेकदा कुत्र्यांकडूनच खोकडांपर्यंत पोहोचतात. त्या मादीच्या शेपटीवर आता नवी लव आली आहे, आणि माणसाची चाहूल लागताच ती बिळात शिरते.