पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र : साल्हेरच्या वाटेवर रात्री थांबायचं कुठे?

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

२०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा आपल्या राज्यातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला त्यातला एकच आला, पण तो राज्यातला सर्वांत उंच किल्ला आहे. साल्हेर, १५६७ मीटर. कळसूबाई सोडली तर महाराष्ट्रात त्याहून उंच शिखर नाही. १६७२ मध्ये याच किल्ल्याच्या परिसरात मराठ्यांनी मोगल फौजेला उघड्या मैदानात हरवलं. आम्हा नाशिककरांना याचा फार अभिमान वाटतो. पण घरातली चार माणसं गाडीत घालून, तंबू बांधून साल्हेरकडे निघायचं ठरवलं की एक प्रश्न दर वेळी आडवा येतो: रात्री थांबायचं कुठे? त्यासाठीच हे पत्र आहे.

ही वाट आपण कधी सलग केली आहे का, ठाऊक नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहिते. नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी. नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाट चढायचा, दर्शन घेऊन खाली यायचं आणि अभोण्याच्या अंगाने इंग्रजांच्या काळातलं चणकापूर धरण गाठायचं. पहिला मुक्काम तिथे. दुसऱ्या दिवशी कळवण, सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर. बागुल राजांच्या मुल्हेरला अर्धा दिवसही पुरत नाही, शेजारी मोरा आणि हरगड उभे आहेत, पलीकडे मांगी-तुंगीचे सुळके. मग साल्हेर. रात्र पायथ्याला काढली तरच पहाटे गड चढता येतो आणि उन्हाच्या आत परशुरामाच्या देवळापर्यंत पोहोचता येतं. तिथून परत कळवण तालुक्यातून हातगड, मग बोरगाव, सुरगाणा, पेठ आणि सावळ घाट उतरून-चढून नाशिक. सातमाळा, सेलबारी, डोलबारी अशा तीन डोंगररांगा या एका फेरीत भेटतात, आणि जिल्ह्याबाहेर पाऊलही पडत नाही.

नकाशावर हे अंतर फार वाटत नाही. प्रत्यक्षात घाटात आणि गावातल्या रस्त्यांवर तासाला पंचवीस-तीस किलोमीटर झाले तरी पुष्कळ. म्हणून आमच्याकडे बेत ठरतो तो मुक्कामावरून: चारच्या सुमाराला गाडी थांबली पाहिजे, उजेडात तंबू उभा राहिला पाहिजे, अंधार पडायच्या आत पाणी भरून झालं पाहिजे. पेट्रोल सटाण्याला पूर्ण भरून घ्यायचं. नकाशे घरूनच मोबाइलवर उतरवून घ्यायचे, कारण पुढे रेंज येते-जाते. दसरा झाला की निघायचं, माघ संपेपर्यंत हिंडायचं. त्यानंतर गवत वाळतं, वणव्याचे दिवस सुरू होतात आणि विहिरी तळाला जातात. पावसाळ्यात ही फेरी करूच नये. सप्तशृंग गडाचा घाट तर एरवीही धोक्याचा: तिथे २००८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बस दरीत गेल्या, ते नाशिक विसरलेलं नाही.

एवढं सगळं ठरवता येतं. मुक्काम मात्र ठरत नाही. धरणाच्या काठी तंबू टाकला तर रात्री कुणीतरी बॅटरी मारत येऊन उठवतं, आणि त्याचं तरी काय चुकलं? तो धरणाची राखण करत असतो. झाडीत टाकला तर ती वनखात्याची जमीन. शाळेच्या पटांगणात गुरुजी ओळखीचे असतील तर जमतं. ओळख नसेल तर माणसं दमलेल्या डोळ्यांनी तसाच घाट उतरून पुढे निघतात. त्यात बायकांचे हाल वेगळे. नांदुरी सोडली की स्वच्छ, दार नीट लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह कुठे मिळेल, याची खात्री देता येत नाही. माझ्या सासूबाई या प्रवासात दुपारनंतर पाणी पिणंच सोडतात. सत्तरी ओलांडलेल्या बाईने डोंगरात तहान मारत बसायचं, ही गोष्ट मला सहन होत नाही.

पर्यटन महामंडळाचे मुक्काम आहेत, हे मान्य. गंगापूर धरणाकाठचं ग्रेप पार्क चांगलं आहे, भंडारदऱ्यालाही सोय आहे. पण ही वाट त्या अंगाला जात नाही. आणि मी हॉटेल मागतच नाहीये.

भंडारदऱ्याचं नाव निघालं म्हणून तिथलं थोडं लिहिते, कारण आपण काही केलं नाही तर उद्या चणकापूर आणि साल्हेर त्याच वाटेने जातील. प्रवरेच्या त्या जलाशयाकाठी आज तंबूंच्या रांगा लागतात. सगळे वाईट नाहीत. गावातल्या पोरांनी उभे केलेले, नागलीची भाकरी आणि पिठलं वाढणारे तंबू मी पाहिले आहेत आणि तिथे समाधानाने राहिले आहे. पण अशाच एका धरणाकाठी बाहेरच्या माणसाने चालवलेल्या तळावर आम्ही एक रात्र काढली, ती विसरता येत नाही. मध्यरात्र उलटली तरी जनरेटर आणि भोंगे चालू. सकाळी पाण्याच्या कडेला थर्माकोलच्या थाळ्या चिखलात रुतलेल्या. म्हशी घेऊन आलेल्या मुलाने एका म्हशीचा पुढचा पाय उचलून दाखवला. खुराच्या बेचक्यात हिरव्या काचेचा तुकडा होता. त्याने तो काट्याने काढला, खिशात टाकला आणि म्हणाला, खाली टाकला तर दुसरीच्या पायात जाईल.

काजव्यांचंही तेच. मे सरता सरता, पहिल्या पावसाच्या तोंडावर तिथली झाडं काजव्यांनी उजळतात. काजवा लुकलुकतो तो जोडीदाराला खूण द्यायला. त्या अंधारात गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या पेटल्या की खूण पोहोचत नाही. आता तिथे वनखात्याला गर्दी आवरायची पाळी आली आहे. गर्दी होण्याआधी नियम आले असते तर हे टळलं असतं. साल्हेरच्या वाटेवर अजून ती वेळ आलेली नाही, म्हणून मी हे आत्ता लिहिते आहे.

पाण्याबद्दल मात्र मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. एकदा सुरगाण्याच्या बाजूला आम्हाला उशीर झाला. रस्त्याकडेच्या एका घरातल्या बाईंनी विचारण्याची वाटही न पाहता म्हटलं, "अंगणात टाका तंबू, सारवलेलं आहे." आम्ही टाकला. त्यांनी दोन हंडे आणून ठेवले, आणि आम्ही शहरातली माणसं, हात-पाय धुतले, भांडी विसळली, मुलांनी गुळण्या केल्या. पहाटे त्या पुन्हा हंडे घेऊन निघाल्या तेव्हा मी सोबत गेले. विहीर टेकाडाच्या पलीकडे, उतारावर. पोहरा सोडला की बराच वेळाने खाली आवाज यायचा. वर येणाऱ्या पोहऱ्यात अर्धं पाणी, उरलेला गाळ. त्या तो हंड्याच्या तोंडावर फडकं धरून गाळत होत्या. तेव्हा उन्हाळा सुरूसुद्धा झाला नव्हता.

हा सह्याद्रीचा भरपूर पावसाचा पट्टा. केमच्या डोंगराकडे पडलेलं पाणी काही गिरणेतून पूर्वेला जातं, बाकीचं नार आणि पार नद्यांतून पश्चिमेला गुजरातेत आणि समुद्राला. गावं मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. अशा गावात पन्नास तंबू लागले आणि प्रत्येकाने बादलीभर पाणी मागितलं तर ते कुणाच्या हंड्यातून येणार? तळ उभारायचा तर त्याचं पाणी गावाच्या विहिरीवर पडता कामा नये, ही माझी पहिली अट आहे. पावसाचं पाणी साठवणारी टाकी तळासोबतच बांधा. टाकी आटली की तळ बंद, मग तो मार्च असो की फेब्रुवारी. गावाला टँकर लागला त्या दिवशी तळाला कुलूप.

आता मागणं. या फेरीवर पाच-सहा मुक्कामतळ हवेत: नांदुरी, चणकापूर, मुल्हेर, साल्हेरवाडी, हातगड आणि सुरगाणा किंवा पेठेच्या जवळ एखादा. इमारत नको. गावाने दाखवलेली सपाट जागा, जिथून ओढा वाहत नाही आणि वरून दरड येत नाही. स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहं. दगडाच्या बांधलेल्या चुली, आणि सरपण गावातूनच विकत, म्हणजे कुणी झाडाला हात लावणार नाही. किल्ल्याच्या कड्याखाली तर चूल नकोच, कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि धुराने उठलेल्या माश्या माणसाला सोडत नाहीत. उष्टं-खरकटं झाकणाच्या पिंपात. खरकट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. नाशिक जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भोंगे बंद, दारू बंद. येणाऱ्याचं नाव, गाडीचा नंबर आणि उद्याचा मुक्काम वहीत, आणि ती वही पोलीस पाटलांच्या नजरेखाली. तंबू किती, ते आधीच ठरलेलं. दर फलकावर लिहिलेला आणि पावती हातात.

आणि हे सगळं चालवायला गाव. सुरगाणा, पेठ आणि कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा, लागू आहे. १९९६ चा तो कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम ग्रामसभेला अधिकार देतात. तेव्हा जागा कोणती, तंबू किती, बंद कधी, हे ग्रामसभेने ठरवावं आणि पैसा गावातच राहावा. निविदा काढून पुण्या-मुंबईच्या ठेकेदाराला तळ देऊन टाकले तर गावातल्या माणसाच्या हातात झाडू तेवढा उरेल. हे मी रागाने लिहीत नाही, असं झालेलं पाहिलं आहे म्हणून लिहिते. गावाला नको असेल तर तळ नको, हेही आपल्या कागदावर असू द्या.

या कामासाठी नवे रस्तेही नकोत. अंजनेरीच्या पठारावरून रस्ता नेण्याचा घाट घातला गेला होता, तेव्हा तिथल्या गिधाडांसाठी नाशिककर उभे राहिले होते. आहेत त्याच रस्त्यांवरचे खड्डे बुजवा, वळणांवर कठडे आणि आरसे लावा, फाट्यांवर मराठीत पाट्या लावा. साल्हेरकडे जाणाऱ्या नवख्या माणसाला आज प्रत्येक फाट्यावर काच खाली करून विचारावं लागतं.

पैशांचं म्हणाल तर २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरचं घर घेऊन येणाऱ्यांचा विचार सरकारने केला, ते चांगलंच झालं. पण नाशिकच्या मध्यमवर्गीय माणसाची कॅराव्हॅन म्हणजे कॅरियरवर तंबू बांधलेली जुनी वॅगनआर. त्याच धोरणात तिलाही जागा करून देता येईल. २०२७ च्या सिंहस्थासाठी जिल्ह्यात मोठी कामं निघाली आहेत, त्र्यंबक-नाशिकला लाखो माणसं येणार आहेत. त्यातली काही गडावर जातील, काही पुढे डोंगरात शिरतील. त्यांना आवरायचं कसं आणि ठेवायचं कुठे, याचा विचार आत्ताच झालेला बरा.

हातगडाहून सापुतारा डोळ्यांसमोर दिसतं. मधे फक्त राज्याची हद्द. तिकडे तलाव, बागा, राहायची सोय, सगळं मांडून ठेवलेलं, आणि सुट्टी लागली की नाशिकच्या गाड्यांची तिकडे रीघ. आमची माणसं बोरगावच्या रस्त्यावर सुरगाण्याच्या शेतकऱ्याची स्ट्रॉबेरी घेतात आणि मुक्कामाला हद्द ओलांडतात. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरची काही गावं आम्हाला गुजरातेत जाऊ द्या म्हणाली होती, ते आपल्याला आठवत असेल. मला सापुतारा इकडे आणायचं नाही. सुरगाण्याच्या घरातल्या बाईला पाहुण्यांसाठी केलेल्या भाकरीचे रोख पैसे मिळावेत आणि तिचा हंडा तिच्याच घरात रिकामा व्हावा, एवढं मला पुरे आहे.

सगळे तळ एकदम होणार नाहीत, हे मला कळतं. पहिला साल्हेरवाडीला करा. येत्या दसऱ्याच्या आत तिथे ग्रामसभा बोलवा, आपले अधिकारी आणि वनखात्याची माणसं तिला पाठवा, आणि गाव हो म्हणालं तर पाण्याची टाकी व बायकांचं स्वच्छतागृह ही दोन कामं आधी हाती घ्या. फलक आणि उद्घाटन मागाहून झालं तरी चालेल. सभेची तारीख कळवलीत तर आम्ही काही नाशिककर स्वखर्चाने येऊ आणि जागा पाहायला, आखायला, वही कशी असावी ते ठरवायला गावकऱ्यांसोबत बसू.

आपली विश्वासू,
गंगापूर रोडवरची एक नाशिककर