कॅम्परवरच्या निळ्या पट्टीबद्दल काकांचे जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. अमेरिकेत ट्रक बदलायच्या बेतात असलेल्या कुणाला त्याचा उपयोग झाला, तर ते तुम्हालाही आवडेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्लाइड-इन कॅम्पर म्हणजे बिनचाकाची खोली. ती पिकअपच्या हौद्यात सरकवून बसवतात, तिचं नाक केबिनच्या टपावर येतं आणि उतरवली की ती चार कोपऱ्यांच्या जॅकवर उभी राहते. ट्रक बदलला तरी खोली तीच राहते, पण तिच्याखालचं सगळं गणित बदलतं.

ते गणित तुमच्याआधी कुणीही मांडलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. ज्या दुकानाने कॅम्पर विकला, त्याने माहितीपत्रकातलं २,४१० पौंड हे कोरडं वजन दाखवलं आणि आमच्या २००३ च्या फोर्ड एफ-२५० पिकअपवर "आरामात बसेल" म्हणून सांगितलं. कोरड्या वजनात पाणी नसतं, बॅटऱ्या नसतात, गॅस नसतो, एसी नि बाहेर उघडणाऱ्या सावलीच्या छत्रीसारख्या जादा वस्तू नसतात. ३० गॅलन पाणीच २५० पौंड भरतं. ट्रक बदलायचं ठरल्यावर दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं, आठ फुटी हौद्याचा ट्रक आत्ता नाही, पावणेसात फुटी घ्या, हौद्याचा मागचा फाळका काढून टाका, मागे थोडं लोंबकळेल. तिसऱ्याने एअरबॅग, म्हणजे मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, गळ्यात मारायला घेतल्या. एकानेही विचारलं नाही की भरलेल्या कॅम्परचं वजन किती आहे.

तुमचा पहिला प्रश्न तोच होता. आणि दुसरं वाक्य, "जुना ट्रक हातचा सोडायच्या आधी काट्यावर न्या." हायवेवरच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट नावाच्या वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलला जातो. एकदा कॅम्परसकट, एकदा नुसता ट्रक. दोन्ही वेळा डिझेलची टाकी पूर्ण भरलेली आणि माणसं तीच. ही शिस्त पाळली नाही तर आकडे फुकट, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

आकडे असे आले. नुसता ट्रक: पुढे ३,९००, मागे २,८६०. कॅम्परसकट: पुढे ४,०००, मागे ५,९४०. म्हणजे भरलेला कॅम्पर ३,१८० पौंडांचा आणि एकूण भार ९,९४०, त्या ट्रकची मर्यादा ८,८००. पण तुमचं लक्ष वेगळ्याच आकड्यावर होतं: पुढच्या ॲक्सलवर वाढलेले १०० पौंड. ते गुणिले दोन्ही ॲक्सलमधलं अंतर १७२.४ इंच, भागिले ३,१८०. उत्तर सुमारे साडेपाच इंच. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या तेवढा पुढे आहे. हा काटा २० पौंडांच्या टप्प्याने वाचतो, त्यामुळे इंचभर इकडेतिकडे धरून चालायचं, हेही तुम्ही आपणहून सांगितलंत.

मग ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते तुम्ही केलंत. कारखान्याने कॅम्परच्या कुशीवर गुरुत्वमध्याची खूण चिकटवलेली असते. आमची उन्हाने केव्हाच उडून गेली होती. तुम्ही खिशातून ओळंबा काढलात, चाकाच्या मध्यावर धरलात, तिथून साडेपाच इंच पुढे मोजून कॅम्परच्या दोन्ही बाजूंना रंगाऱ्याच्या निळ्या टेपची उभी पट्टी लावलीत. आत जाऊन कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने चारही वजनं, ॲक्सलमधलं अंतर, टाक्या भरलेल्या होत्या की नाही आणि तारीख लिहिलीत. "उद्या हा कॅम्पर तुम्ही विकलात तर घेणाऱ्याला लागेल."

काका, जो माणूस अजून आलेलाच नाही, ज्याचं तोंडही तुम्ही कधी पाहणार नाही, त्याची काळजी तुम्ही केलीत. दुकानदार समोरच्या गिऱ्हाइकाची करत नव्हते. हे आठवलं की अजून भरून येतं. चांगुलपणा म्हणजे मोठी मदत असं वाटायचं. खरं तर तो पुढच्याचा त्रास आधीच ओळखून तो निस्तरून ठेवण्यात असतो, आणि असं करणारी माणसं आपलं नाव कुठे लिहीत नाहीत. त्या दारावरही तुमचं नाव नाही.

त्या पट्टीनेच पावणेसात फुटी ट्रकचा विषय मिटवला. केबिन तीच, पण आठ फुटी ट्रकमध्ये ॲक्सलमधलं अंतर १७६ इंच आणि पावणेसात फुटीत १५९.८. कॅम्पर हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवला की पावणेसात फुटीत मागचा ॲक्सल त्याच्याखाली १६ इंच पुढे सरकतो, आणि निळी पट्टी त्याच्या पावणेअकरा इंच मागे जाते. मग पुढच्या चाकांवर भार वाढायच्या ऐवजी २०० पौंडांहून जास्त कमी होतो. ओल्या रस्त्यावर स्नोक्वाल्मी घाट उतरताना स्टिअरिंग हलकं पडणं म्हणजे काय, हे त्या विक्रेत्याने एकदा तरी मनात आणायला हवं होतं.

आठ फुटी २०१९ ची एफ-३५० घेतल्यावरही तुमची मदत संपली नाही. जुन्या ट्रकचे, कॅम्पर बांधायचे, हौद्याला बोल्टने बसवलेले ब्रॅकेट नव्यात भोकं पाडून लावायला एक गॅरेज तयार होतं. तुम्ही अडवलंत. २०१७ पासून या ट्रकचा हौदा ॲल्युमिनियमचा आहे, ओढ पत्र्यावर नको, चासीवर हवी. आणि चासीला बसणारे टाय-डाउन (कॅम्पर बांधायचे आधार) त्या-त्या मॉडेलचे आणि सालाचेच लागतात, जुने लागू पडत नाहीत.

नवी केबिन उंच असल्यामुळे नाक टपाला घासणार होतं. तुम्ही टू-बाय-फोरच्या फळ्या आडव्या टाकून वर पाऊण इंची प्लाय ठोकलात. टू-बाय-फोर प्रत्यक्षात दीड इंच जाड, म्हणजे सव्वादोन इंच उंची मिळाली. खाली आणि वर रबर मॅट, कारण हौद्यातल्या प्लास्टिकच्या लायनरवर, म्हणजे अस्तरावर, कॅम्पर घसरतो. पुढच्या भिंतीशी उरलेल्या फटीत रबर लावलेला ठोकळा, म्हणजे करकचून ब्रेक लागला तरी कॅम्पर पुढे धावणार नाही. काढलेल्या फाळक्याच्या कॅमेऱ्याचा प्लग तुम्ही झाकण लावून बांधून टाकलात. हे कोण लक्षात ठेवतं?

वायरिंगमध्ये सात पिनांचं सॉकेट बंपरवरून हौद्यात आणलंत, वेगळी अर्थ वायर दिलीत, आणि चार्जिंगची बारीक वायर लांब पडली की व्होल्टेज वाटेतच गळतं म्हणून ती जाड घातलीत. एअरबॅगबद्दल एकच वाक्य बोललात: "मागची बाजू उचलली जाते, दरवाजावरच्या पट्टीवर लिहिलेली वजनाची मर्यादा तेवढीच राहते." त्या तिथेच रद्द झाल्या.

नंतरच्या काट्यावर मागचा ॲक्सल ६,२०० पौंड भरला. मागचे दोन टायर ८० पीएसआयला मिळून ७,२८० पेलतात. कोलंबिया गॉर्जच्या आडव्या वाऱ्यातही गाडी सरळ राहिली. पहिल्या काही मैलांनंतर थांबून टर्नबकल (कॅम्पर ताणून धरणारे स्प्रिंगचे आवळ-स्क्रू) पुन्हा आवळायचे, आधी पुढचे मग मागचे, स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत नाही, हे आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

वाहत्या घामात तुम्ही चहासुद्धा उभ्याने घेतलात आणि पैशाचं पाकीट परत केलंत. ते तुम्ही घेणार नाही, हे मान्य. पण कपाटाच्या दारावर नव्या ट्रकची वजनं तुमच्या अक्षराखाली आम्ही लिहिली आहेत. हिवाळ्याआधी टाक्या रिकाम्या करून पुन्हा काट्यावर जाणार आहोत. रविवार सोयीचा असेल तर कळवा, काकूंनाही घेऊन या, जेवण आमच्याकडे.

आपली,
टकोमाहून