स्पर्शपेटी आणि प्राणीभेट उपक्रमासाठी मदतीचे आवाहन

येऊरच्या जंगलाला खेटून असलेल्या ठाण्यातील मुलांना बिबट्या बातम्यांमधून ठाऊक असतो. परंतु शेळीच्या शिंगाचा खडबडीतपणा किंवा सशाच्या अंगाची ऊब त्यांपैकी अनेकांनी हाताने कधीच अनुभवलेली नसते. महापालिका शाळांतील मुलांसाठी, आणि त्यांतही दृष्टिहीन मुलांसाठी, आमचे नागरिक मंडळ दिवाळीच्या सुट्टीत प्राणीभेटीचा उपक्रम हाती घेत असून त्यासाठी आम्ही आपली मदत मागत आहोत.

परदेशांतील अनेक प्राणिसंग्रहालयांत माणसांची सवय असलेले काही प्राणी शिक्षणासाठी वेगळे ठेवतात आणि रक्षकाच्या देखरेखीखाली प्रेक्षकांना त्यांना स्पर्श करू देतात. या पद्धतीतील मोल आम्हाला मान्य आहे, मात्र आमच्या उपक्रमात वन्य प्राणी मुळीच नसतील. शेळी, कोंबडी आणि ससा एवढेच पाळीव प्राणी असतील. त्यांच्या बाबतीतही प्राण्याची इच्छा आधी पाहिली जावी, असा आमचा आग्रह आहे. ससा उताणा धरला की निपचित पडतो आणि पाहणाऱ्याला तो लाडात आल्यासारखा वाटतो. वास्तविक ती भीतीने आलेली अवस्था असते. मागच्या पायांना आधार न देता त्याला उचलले, तर लाथ झाडताना त्याचा कणाही मोडू शकतो. म्हणून ससा जमिनीवरच राहील, त्याला लपण्यासाठी दोन तोंडांचे खोके असेल, मुले सतरंजीवर बसतील आणि तो जवळ आला तरच त्याच्या पाठीवरून हळुवार हात फिरवतील. तो आला नाही, तर त्याला कोणीही ओढून आणणार नाही.

धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, त्यामुळे पाच वर्षांखालील मुलांना कोंबड्या हाताळू दिल्या जाणार नाहीत. इतर प्रत्येक मुलाने साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुतल्याशिवाय खाऊ वाटला जाणार नाही. यासाठी हलवता येण्याजोगे नळ आणि पाण्याची टाकी घेणे, हा आमचा सर्वांत मोठा खर्च आहे.

वन्य प्राण्यांची ओळख स्पर्शपेटीतून होईल. तिच्यात पावलांच्या ठशांचे प्लास्टरचे साचे, कासवाच्या पाठीची आणि सापाच्या खवल्यांची मातीची प्रतिकृती, मेंढीची लोकर, बैलाचे शिंग आणि कोंबडीची पिसे असतील. मूर्तिकारांनी आणि मातीकाम करणाऱ्यांनी प्रतिकृती घडवून द्याव्यात, ही विशेष विनंती. घरात पूर्वापार असलेली सांबरशिंगे किंवा वाघनखे, तसेच जंगलातून उचललेली पिसे आणि घरटी मात्र कृपया आणू नयेत. वन्य प्राण्यांचे असे अवयव, अंडी आणि घरटी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येतात आणि सद्भावनेने दिलेली वस्तूही देणाऱ्याला व आम्हाला अडचणीत आणू शकते.

पशुवैद्यकांनी प्राण्यांची तपासणी करण्यासाठी आणि उपक्रमाच्या ठिकाणी थांबण्यासाठी काही तास द्यावेत. ब्रेल लिपीत चिठ्ठ्या तयार करू शकणाऱ्यांची आम्हाला तातडीने गरज आहे. ज्यांना आर्थिक मदत करायची आहे, त्यांनी ती मंडळाच्या कार्यालयात जमा करून पावती अवश्य घ्यावी. जमाखर्चाचा तपशील उपक्रमानंतर कार्यालयाच्या फलकावर लावण्यात येईल.