घानाची रेल्वे : आधी पश्चिमेचा मार्ग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घानातील तेमा बंदरापासून व्होल्टा सरोवराकडे जाणारा तेमा–म्पाकादान रेल्वेमार्ग नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. भारताच्या एक्झिम बँकेचे कर्ज आणि अ‍ॅफकॉन्स या भारतीय कंपनीचे बांधकाम, त्यामुळे आपल्याकडे या मार्गाचे कौतुक होणे साहजिक आहे. सुमारे ९७ किलोमीटरचा प्रमाणित गेजचा (म्हणजे दोन रुळांत १४३५ मिलिमीटर अंतर असलेला) मार्ग आणि व्होल्टा नदीवरचा पूल हे काम खरोखरच चांगले झाले आहे. पण घानाच्या रेल्वेचे दुखणे या मार्गावर नाही. ते पश्चिमेला, ताकोराडी ते कुमासी या जुन्या मार्गावर आहे आणि पैसा व मनुष्यबळ आधी तिथे लागले पाहिजे.

घानाचा रेल्वे नकाशा पाहिला तर दक्षिणेत एक त्रिकोण दिसतो. किनाऱ्यावर ताकोराडी व आक्रा, वरच्या टोकाला कुमासी. ताकोराडीला लागूनच असलेल्या सेकोंडीहून १८९८ मध्ये सुरू झालेले काम १९०१ मध्ये तार्क्वाच्या सोन्याच्या खाणींपर्यंत आणि १९०३ मध्ये कुमासीपर्यंत पोचले. आक्रा–कुमासी मार्ग १९२३ मध्ये पूर्ण झाला, तो मुख्यतः कोकोसाठी. मग हुनी व्हॅली–काडे हा मधला मार्ग झाला. डुंक्वा–अवासो शाखा दुसऱ्या महायुद्धात बॉक्साइटसाठी टाकली गेली आणि १९५६ मध्ये आचियासी–कोतोकू दुवा झाल्यावर ताकोराडीहून आक्र्याला जायला कुमासीचा वळसा उरला नाही. कागदावर हे जाळे साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास भरते. प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच भागावर झाडोरा माजला आहे, काही ठिकाणी रूळ चोरीला गेले आहेत आणि कुमासीसारख्या शहरात रुळांवरच बाजार भरत आला आहे. जाळे किती किलोमीटरचे हा आकडा म्हणूनच फसवा आहे.

या जाळ्यात सर्वात जास्त वजन पश्चिमेच्या मार्गाने वाहिले. तार्क्वाजवळच्या न्सुता येथील मँगनीज १९१६ पासून निर्यात होत आहे. तिथून ताकोराडी बंदर जेमतेम ६० किलोमीटर. एकाच जागी भरणे, एकाच जागी उतरवणे आणि वर्षभर तोच माल, रेल्वेला यापेक्षा सोयीचे गिऱ्हाईक मिळत नाही. तरीही खनिज मोठ्या प्रमाणावर ट्रकवर गेले आणि त्या ट्रकांनी रस्ते खराब केले.

असे का होते ते समजायला रुळाखाली पाहावे लागते. दक्षिण घानात वर्षाला दोन पावसाळे असतात, एप्रिल ते जुलै मोठा आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर लहान. कोरडा काळ अपुरा असतो. बाजूचा नाला गाळाने भरला किंवा मोरी तुंबली की पाणी भरावातच मुरते. वरून गाडीचे चाक गेले की खालची चिकण माती पातळ होऊन खडीत वर येते. माती भरलेली खडी पाणी सोडत नाही, रुळांखालचा आडवा लाकडी स्लीपर कुजतो, खिळा सैल होतो आणि दोन रुळांची पातळी एकसारखी राहत नाही. मग घसरण्याच्या भीतीने वेगमर्यादा येते. वेग ताशी ५० वरून १५ किलोमीटरवर आला की ६० किलोमीटरची जा-ये अडीच तासांऐवजी आठ तासांची होते. भरायला व उतरवायला चार-चार तास धरले तर दिवसाला दोन फेऱ्या करणारी गाडी एकीवर येते. वाघिणी तेवढ्याच, कर्मचारी तेवढेच, उत्पन्न मात्र निम्मे. त्या निम्म्या उत्पन्नात नाले उपसायला पैसे उरत नाहीत.

दुरुस्तीचा क्रमही यावरूनच ठरतो. आधी नाले आणि मोऱ्या, मग खडी काढून चाळणे व स्लीपरखाली किमान २५० मिलिमीटर स्वच्छ थर देणे, त्यानंतर स्लीपर बदलणे, शेवटी खडी ठोकून पातळी काढणे. क्रम उलटा केला, म्हणजे मळक्या खडीवरच नवे स्लीपर बसवले, तर दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा तेच होते. उद्घाटनाच्या छायाचित्रात नवे स्लीपर दिसतात, उपसलेला नाला दिसत नाही, म्हणून ही चूक जगभर होते. पश्चिम पट्ट्यात बेकायदा सोन्याच्या खणकामाचा धोकाही आहे. भरावाच्या पायथ्याशी खड्डे पडले तर वरचे सगळे काम वाया जाते, म्हणून पायी गस्त घालणारी गँग हवीच.

आता गेज. घानाचा जुना गेज १०६७ मिलिमीटर. शेजारच्या टोगो, बुर्किना फासो आणि कोत दिव्हार यांचा १०००. म्हणजे जुने रूळ सीमेपलीकडे नेले असते तरी गाड्या पुढे गेल्या नसत्या. फरक फक्त ६७ मिलिमीटरचा आणि रुळाचा पायाच १४० मिलिमीटरच्या आसपास रुंद, त्यामुळे तिसरा रूळ टाकून दोन्ही गेज चालवणेही जमत नाही. नवे काम १४३५ चे करण्याचे धोरण म्हणून समजण्यासारखे आहे. पण ताकोराडीजवळचा कोजोक्रोम–मान्सो हा पश्चिमेचा नवा टप्पा प्रमाणित गेजचा झाला आणि न्सुता मान्सोच्या पुढे आहे. तेवढ्या तुकड्याने खनिज बंदरात येत नाही.

माझ्या मते इथे मधला मार्ग आहे. १४३५ आणि १०६७ मध्ये ३६८ मिलिमीटरचे अंतर आहे, तेवढ्यात दोन रूळ सहज मावतात. मान्सोच्या पुढे काँक्रीटचे असे स्लीपर टाकावेत की ज्यांत दोन्ही गेजचे रूळ धरणाऱ्या पकडी आधीच ओतलेल्या असतील. सुरुवातीला जुन्या गेजवर मालगाडी धावू द्यावी. सगळी लांबी तयार झाली की एक रूळ जागेवर ठेवून दुसरा बाहेर सरकवायचा. यात गाडीचा मध्य १८४ मिलिमीटर सरकतो, म्हणून पूल आणि फलाटांची मोजमापे आधीच घ्यावी लागतील. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे मात्र नवेच लागतील आणि जिथे जुनी वळणे फार तीव्र आहेत तिथे वेगळी जमीन घ्यावी लागेल. खर्च थोडा वाढेल, पण मधल्या वर्षांत कमाई बंद राहणार नाही.

तेमा–म्पाकादानचा हेतू वेगळा आहे. बंदरातला माल रेल्वेने व्होल्टा सरोवरापर्यंत, तिथून बार्जने (सपाट मालवाहू नौकेने) सुमारे ४०० किलोमीटर उत्तरेला बुइपेपर्यंत आणि पुढे ट्रकने बुर्किना फासोकडे. कल्पना चांगली आहे. अडचण अशी की तेमाहून थेट ट्रकने नेलेला कंटेनर एकदाच चढवावा लागतो आणि इथे म्पाकादानला व बुइपेला तो आणखी दोनदा उचलावा लागतो. दोन्हीकडे पुरेशा क्रेन आणि वेळापत्रकाने धावणारे बार्ज नसतील तर व्यापारी ट्रकच निवडेल. आकोसोम्बो धरणाने बुडालेल्या झाडांचे बुंधे आजही सरोवरात आहेत आणि पाणी उतरले की ते जहाजांना अडतात. सरोवरकाठच्या बंदराचा धक्का व जलमार्गाची सफाई पूर्ण होईपर्यंत हा मार्ग मुख्यतः प्रवासी गाडीपुरता राहील.

आणि कुंपण. एप्रिल २०२४ मध्ये याच मार्गावर चाचणीसाठी धावणारी पोलंडहून आणलेली नवी गाडी रुळांवर उभ्या केलेल्या ट्रकवर आदळली. वर्षानुवर्षे गाडी न पाहिलेल्या भागात रूळ म्हणजे पायवाट असते, गुरांची आणि वाहनांची वाट असते. फाटकावर माणूस, वस्तीच्या दोन्ही अंगांना कुंपण, चालकाला लांबून दिसेल एवढी झाडे तोडलेली, हे सारे पहिल्या चाचणीआधीच झाले पाहिजे. पश्चिमेच्या मार्गावर गाड्या पुन्हा वाढतील तेव्हा न्सुता ते ताकोराडी या पट्ट्यातल्या प्रत्येक फाटकाला हेच लागू आहे.

आपला,
एक निवृत्त रेल्वे अभियंता