गाठ उपाशी मरते की रुग्ण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘साखर तोडा, कर्करोगाला उपाशी मारा’ हा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यातले अर्धे शास्त्र खरे आहे आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखे ओढतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवले होते. किरणोत्सारी ग्लुकोज टोचून काढलेल्या पेट (PET) स्कॅनमध्ये गाठ उजळते तीही या हावरेपणामुळेच. मात्र ताटातली साखर बंद केली म्हणून रक्तातली संपत नाही, यकृत स्नायूंमधली प्रथिने मोडून ती तयार करतच राहते, एवढे एक वाक्य लिहायला लेखकमहाशयांना जागा पुरली नसावी.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीची केमोथेरपी चालू असताना तिने आपल्याच दैनिकातील अशा एका कात्रणावरून भात सोडला, केळी सोडली, अखेर भाकरीही सोडली. शाहूपुरीत गुळाचा व्यापार केलेल्या घरातली ही बाई, पण चहातला गुळाचा खडाही तिने बंद केला. दीड महिन्यात वजन ५४ किलोवरून ४७ वर आले, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या आणि डॉक्टरांना पुढचा डोस लांबणीवर टाकावा लागला. ‘आक्का, दोन घास खा’ म्हटले की ती उशीखालचे कात्रण पुढे करी. डॉक्टर शेवटी वैतागून म्हणाले, ‘माझं म्हणणं पेपरात छापून आलेलं नाही, म्हणून पटत नसेल.’

पेशींचे पोषण तोडून उपचार होतात, हे मी नाकारत नाही. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ॲस्परॅजिनेज या विकराचे इंजेक्शन रक्तातले ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल संपवते. निरोगी पेशी ते स्वतः बनवून घेतात, रोगट पेशींना ते पुरेसे जमत नाही. पेशींना वाढायला फोलिक आम्ल हे जीवनसत्त्व लागते; भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केलेल्या फोलिक आम्लविरोधी औषधाचे अशाच बालरुग्णांवरील परिणाम अमेरिकी डॉक्टर सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केले, तेही याच वाटेने. ही कामे मोजून दिलेल्या औषधांची आहेत, स्वयंपाकघरातल्या डब्यांना कुलूप लावण्याची नव्हेत.

लेखाच्या बरोबर खाली ‘शरीरशुद्धी’च्या पावडरीची पाव पानाची जाहिरात होती, हा योगायोगच असावा. खुलासा छापणार असाल तर तो लेखाएवढ्याच टायपात छापावा. निविदा सूचनांखालचा मजकूर आक्काला चष्मा लावूनही दिसत नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
मंगळवार पेठ, कोल्हापूर