कुत्र्यांसह रानडुकरांची शिकार : परवानाधारकांनी नेमके काय मागावे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेल्या शेतकऱ्यांनी संघटित होऊन रानडुकरांच्या शिकारीवरील निर्बंधांना, विशेषतः कुत्रे घेऊन रान उठवण्याच्या (डुकरांना हाकून रानाबाहेर काढण्याच्या) मनाईला विरोध करावा, असा विचार सिंधुदुर्गात आमच्या भागात बोलून दाखवला जात आहे. संघटना व्हावी, असे एक परवानाधारक म्हणून मलाही वाटते. मागणी मात्र विचारपूर्वक ठरवली पाहिजे.

भात पोसवले की डुकरांचा कळप एका रात्रीत अख्खा कुणगा (भातखाचर) लोळवून जातो. सुरण, रताळी, भुईमूग तर मुळासकट उकरले जातात आणि राखणीला माणूस मिळत नसल्याने डोंगराकडची जमीन अनेकांनी पडीक टाकली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ११ उभ्या पिकाला धोकादायक ठरलेले रानडुक्कर मारण्याची लेखी परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना आणि त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांना देते. अडचण आहे ती परवानगी पीक उभे असेपर्यंत हातात पडण्याची. त्यात २०१९ आणि २०२४ या दोन्ही विधानसभा निवडणुकांची आचारसंहिता नेमकी भात पिकण्या-कापण्याच्या दिवसांत आली आणि त्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. केरळ सरकारने २०२२ मध्ये शेतीत शिरणारी रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार ग्रामपंचायत अध्यक्षांपर्यंत खाली आणले आणि विष, स्फोटके व विजेचा प्रवाह यांना स्पष्ट मनाई केली. संघटनेने जोर लावायचा तो अशा व्यवस्थेसाठी.

कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे. जनावराला हाकणे हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येनुसार शिकारच असल्याने परवानगीशिवाय कुत्री घेऊन रानात शिरणे गुन्हा ठरू शकतो, मग बंदूक घरी का ठेवलेली असेना. परवानगी असताना जखमी डुकराचा माग काढण्यासाठी दोरीला धरलेला एखादा शिकवलेला कुत्रा न्यायला मुभा मिळावी, कारण करवंदीच्या जाळीत शिरलेले जखमी डुक्कर माणसाच्या जिवावर बेतते. पण आठ-दहा कुत्री मोकळी सोडून डुकराला घेरण्याची पद्धत मला मान्य नाही. सुळ्यांनी कुत्र्यांची पोटे फाटतात, गर्दीत टाकलेला बार हाकेवाल्यालाही लागू शकतो आणि मोकळे कुत्रे भेकर, साळिंदर, ससा काहीच सोडत नाही. शिवाय रोगाचे भय आहे : २०१८ मध्ये गीरमध्ये सिंहांचा बळी घेणारा डिस्टेंपर हा कुत्र्यांमध्ये नेहमी आढळणारा आजार आहे आणि आपल्या सह्याद्रीत कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, आहेत.

टेक्सासमधल्या शिकारीच्या चित्रफिती दाखवून ‘तिकडे चालते, मग इकडे का नाही?’ असे विचारणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. तिथली डुकरे युरोपीयांनी आणलेल्या पाळीव आणि रानटी डुकरांची मोकाट झालेली प्रजा आहे; २०१९ पासून तिथे जमीनमालकाच्या संमतीने खासगी जमिनीवर ती मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. आपले रानडुक्कर मूळचे इथलेच आणि वाघ-बिबट्यांचे भक्ष्य आहे.

आणखी एक गोष्ट, जी बैठकांत कोणी मोठ्याने बोलत नाही : मटण. कलम ३९ प्रमाणे परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ता ठरते. त्यामुळे ज्यांचे लक्ष पिकापेक्षा वाटणीकडे आहे, त्यांच्या हाती संघटना गेली तर वन विभागाने आमच्याकडे संशयाने पाहिले म्हणून तक्रार करता येणार नाही. फासकी लावणारे आणि गावठी बॉम्ब पेरणारे यांच्यापासूनही संघटनेने पहिल्याच ठरावात स्वतःला वेगळे काढावे. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याच्या बातम्या याच जिल्ह्यातून येत असतात.

जिल्हाधिकारी आणि उपवनसंरक्षकांनी परवानाधारकांची एकत्र बैठक भात पोसवण्याआधी बोलवावी आणि अर्जाचा निर्णय किती दिवसांत मिळेल, हे लेखी कळवावे, ही विनंती.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी, जि. सिंधुदुर्ग